फड, तंबू आणि पडदा : मराठवाड्याच्या यात्रांतून पाहिलेला तमाशापट

मराठी नृत्यपटाचा इतिहास बहुधा मुंबई, पुणे आणि कोल्हापूर या तीन शहरांच्या अंगाने लिहिला जातो, कारण स्टुडिओ, निर्माते आणि मोठी चित्रपटगृहे तेथेच होती. परंतु हे चित्रपट ज्या प्रेक्षकाच्या जिवावर वर्षानुवर्षे फिरत राहिले, त्याचा मोठा हिस्सा खेड्यापाड्यांत होता आणि त्याला चित्रपटगृहाचे तिकीट काढण्याआधी यात्रेतल्या तंबूचे तिकीट काढण्याची सवय होती. शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातील, औंढा-वसमत रस्त्यावरचे मोठे गाव या प्रेक्षकाच्या मुलखात येते. मल्लिनाथ तीर्थंकरांच्या दिगंबर जैन अतिशय क्षेत्रामुळे हे गाव दूरवर माहीत आहे, जवळची सारंगस्वामींची यात्रा भाजीच्या महाप्रसादासाठी ओळखली जाते, औंढ्याला नागनाथाच्या ज्योतिर्लिंगामुळे महाशिवरात्रीला माणसांचा पूर येतो, हिंगोलीचा दसरा पंचक्रोशीत गाजलेला आहे, आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा तर जनावरांच्या बाजाराइतकीच तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध आहे. देव, बाजार आणि करमणूक यांची ही सांगड ज्या प्रदेशात इतकी घट्ट होती, तेथे नृत्यपट हा शहरातून आलेला पाहुणा असला तरी त्याच्या बसण्याची जागा आधीपासून तयार होती.

ही जागा तमाशाने तयार केली होती. तमाशा म्हणजे गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग अशा क्रमाने रंगत जाणारा रात्रभराचा खेळ. गणात गणपतीला आवाहन होते. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी आणि वाट अडवणारा कृष्ण यांची थट्टामस्करी चालते. बतावणी म्हणजे सोंगाड्याने हजरजबाबीपणाने खुलवलेला विनोदी संवाद. रंगबाजीत एकामागून एक लावण्या होतात. आणि वग म्हणजे शेवटचे कथानाट्य, जे पहाटेपर्यंत चाले. तमाशाचे दोन प्रकार जाणकार वेगळे मानतात. ढोलकी फडात ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीवर हा सारा क्रम सादर होतो, तर संगीत बारीत पेटी-तबल्याच्या साथीने गाणारणींचा लहान संच मुख्यतः लावणीच सादर करतो. बारीतली बैठकीची लावणी तर नाचापेक्षा अदाकारीची आहे, म्हणजे बसल्या जागी एकाच ओळीचे अर्थ डोळे, भुवया आणि बोटांच्या हालचालींनी पुन्हा पुन्हा निराळे करून दाखवण्याची. नृत्यपटाने या दोन्ही प्रकारांतून उचल केली, मात्र नाव सरसकट तमाशाचे लावले, आणि त्यामुळे तमाशा म्हणजे लावणी व लावणी म्हणजे नाच असा एक ढोबळ समज शहरी प्रेक्षकात रुजला, जो आजही पुरता गेलेला नाही.

नाचाचा हा वारसा पडद्यावर आला तो काळ तमाशासाठी मोठा अडचणीचा होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने अश्लीलतेच्या कारणावरून मुंबई प्रांतात तमाशावर बंदी घातली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर फड पुन्हा उभे राहिले. शिरड शहापूरचा मुलूख तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता (स्वतंत्र हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला), त्यामुळे मुंबई सरकारचा हा हुकूम तेथे चालत नव्हता. पण १९४७-४८ हा काळ तेथे रझाकारांच्या दहशतीचा आणि मुक्तिसंग्रामाचा होता, आणि यात्रा-जत्रांची निवांत रात्र त्या दिवसांत कोणाच्याच वाट्याला नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्यानंतर मराठी चित्रपटाला, विशेषतः गावरान मराठी बोलणाऱ्या चित्रपटाला, एक नवा हक्काचा प्रदेश मिळाला. ज्या भागात शाळा आणि कचेरी या दोन्ही ठिकाणी दीर्घकाळ उर्दूचा अंमल होता, तेथे पडद्यावरून ऐकू येणाऱ्या मराठीचे मोल नुसत्या करमणुकीपेक्षा अधिक होते असे मानायला जागा आहे.

तमाशाबंदीची चर्चा चालू असतानाच्या काळात, १९४७ साली, राजकमल कलामंदिरचा ‘लोकशाहीर रामजोशी’ प्रदर्शित झाला, आणि तमाशापट या प्रकाराचा पाया घातला गेला. बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात सोलापूरचे उत्तर पेशवाईतील शाहीर रामजोशी यांची भूमिका जयराम शिलेदार यांनी केली, त्यांच्यासमोर हंसा वाडकर होत्या, लेखन ग. दि. माडगूळकरांचे आणि संगीत वसंत देसाईंचे होते. या चित्रपटाची युक्ती पुढच्या तीन दशकांना पुरली. कीर्तन सांगणाऱ्या ब्राह्मण घरातला तरुण तमाशाच्या फडात जातो ही कथा घेतल्यामुळे लावणी दाखवायची आणि तिच्याविषयी पांढरपेशा प्रेक्षकाला वाटणारा संकोचही कथेतच बोलून दाखवायचा, अशी दुहेरी सोय झाली. शाहीर ऐतिहासिक, भाषा पंडिती वळणाची, शेवट परमार्थाकडे झुकलेला. आणि या तीन कवचांच्या आत ढोलकी, चाळ आणि नऊवारी लुगडे. शांतारामांनी हीच वाट १९५१ च्या ‘अमर भूपाळी’त होनाजी बाळाच्या चरित्राला लावली, आणि त्यातून संध्या ही नृत्यनिपुण नायिका पुढे आली.

मात्र फडावरची लावणी पडद्यावर आणताना तिच्या शरीरातच बदल करावा लागला, आणि हा बदल जवळून पाहण्याजोगा आहे. फडात लावणीला ठरलेली लांबी नसते. प्रेक्षकाला एखादी ओळ भावली तर ती पाच वेळा होते, झीलकरी, म्हणजे मागे उभे राहून सूर धरणारे साथीदार, ती उचलून धरतात, ढोलकीवाला बाईच्या पायाकडे पाहून तोड घेतो, आणि दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकाने खूश होऊन दिलेला पैसा, स्वीकारण्यासाठी गाणे मध्येच थांबते आणि पुन्हा उभे राहते. चित्रपटात हे काहीच चालत नाही. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला साधारण साडेतीन मिनिटे मावत, आणि पस्तीस मिलिमीटरची फीत मिनिटाला ९० फूट या वेगाने सरकते, म्हणजे चार मिनिटांच्या लावणीला ३६० फूट फीत लागते आणि प्रत्येक फूट पैशाचा असतो. तेव्हा लावणीचे अंतरे दोन-तीनवर आले, आवर्तने मोजून ठरली, आणि फडात क्षणोक्षणी नव्याने घडणारी गोष्ट कायमची एकाच रूपात गोठली. त्याहून मोठा बदल असा की, फडात गाणारी, नाचणारी आणि भाव दाखवणारी बाई एकच असे. पार्श्वगायनामुळे तिचे दोन भाग झाले, एकीचा गळा आणि दुसरीचे पाय. लावणीसम्राज्ञी म्हणून ज्यांचे नाव घराघरांत पोहोचले त्या सुलोचना चव्हाण मुंबईच्या गिरगावात वाढलेल्या, डोक्यावर पदर घेऊन गाणाऱ्या गायिका होत्या. १९६२ च्या ‘रंगल्या रात्री अशा’ या चित्रपटासाठी वसंत पवारांच्या संगीतात आणि जगदीश खेबुडकरांच्या शब्दांत त्यांनी गायलेल्या लावण्यांनी त्यांचा ठसकेबाज आवाज ही पडद्यावरच्या लावणीची ओळख ठरली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. लावणी गाणाऱ्या बाईला समाजात निर्धोक मान मिळाला तो असा, नाच तिच्यापासून वेगळा काढल्यानंतर.

या साऱ्या प्रवाहाचा कळस म्हणजे १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’. दिग्दर्शक अनंत माने यांची सुरुवात प्रभात कंपनीच्या संकलन विभागात झाली होती, आणि ढोलकीच्या तोडीवर दृश्य बदलण्याची त्यांची हातोटी पाहिली की ती तालीम कोठे झाली हे सांगावे लागत नाही. पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, गीते गदिमांची, संगीत वसंत पवारांचे, आणि हंसा वाडकर, अभिनेत्री सुलोचना, चंद्रकांत, सूर्यकांत, दादा साळवी अशी भक्कम नटमंडळी. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात हा चित्रपट १३० हून अधिक आठवडे, म्हणजे सुमारे अडीच वर्षे, चालला. आशा भोसले यांनी गायलेली आणि जयश्री गडकर यांनी नाचलेली ‘बुगडी’ची लावणी या चित्रपटातली, त्यातून जयश्रीबाईंचे नाव असे गाजले की पुढे दहा-बारा वर्षे तमाशापटाची नायिका म्हटले की त्यांचाच चेहरा डोळ्यांसमोर येई. तरीही या चित्रपटाचे खरे बळ त्याच्या लावण्यांपेक्षा त्याच्या रचनेत आहे. राजुरी गावचा उन्मत्त पाटील एका कष्टाळू कुटुंबाचा घात करतो, त्या घातातून जन्मलेली मुलगी तमाशाच्या फडात वाढते, आणि अखेर त्याच गावात, त्याच गावकऱ्यांसमोर, फडावरून ती ही कहाणी सांगते. नाच येथे मोहात पाडण्याचे साधन म्हणून येतो खरा, पण शेवटी फड हीच तक्रार मांडण्याची जागा ठरते, जी तिला चावडीवर मिळाली नसती. तमाशाच्या वगाने पिढ्यान्पिढ्या हेच काम केले होते. ते ओळखणारा तमाशापट हा एकच, आणि म्हणून या प्रकारात पहिला क्रमांक त्याला द्यावा लागतो. हंसा वाडकरांनी पुढे आपल्या आत्मचरित्राला याच चित्रपटाचे नाव दिले, आणि त्या आत्मचरित्रावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ साली ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट केला.

आता हा चित्रपट शिरड शहापूरच्या पट्ट्यातल्या प्रेक्षकापर्यंत कसा जाई, हे पाहिल्याशिवाय त्याची लोकप्रियता कळत नाही. पक्के चित्रपटगृह पाहायचे तर मोठे गाव गाठावे लागे. एरवी यात्रेत येणारी टुरिंग टॉकीज, म्हणजे ट्रकवर प्रक्षेपणयंत्र, जनरेटर, पडदा आणि कनाती घालून गावोगाव फिरणारे तंबूतले चित्रपटगृह, हाच आधार. दिवसभर भोंग्यावरून खेळाची हाळी दिली जाई, अंधार पडला की कनातीच्या आत जमिनीवर बसकण, बाया एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे, मध्ये दोरी किंवा कापडाचा आडोसा. यंत्रातला प्रकाश विजेच्या दिव्याचा नसून दोन कार्बन कांड्यांच्या टोकांमध्ये पेटवलेल्या ज्योतीचा असे. कांड्या जळत जातील तशी त्यांची टोके हाताने जवळ आणावी लागत, आणि चालकाचे लक्ष चुकले की पडदा पिवळा पडून अंधारे, मग साऱ्या तंबूतून आरडाओरडा होई. दोन हजार फुटांचे एक रीळ बावीस मिनिटांत संपते. पक्क्या चित्रपटगृहात दोन यंत्रे असल्याने एक थांबताच दुसरे सुरू होते, पण तंबूत बहुधा एकच यंत्र असे, त्यामुळे चौदा हजार फुटांच्या चित्रपटात सहा वेळा थांबून रीळ बदलावे लागे. तमाशाच्या फडात गण संपून गौळण उभी राहीपर्यंतचा वेळ जसा चहा-चिवड्यात जाई, तसाच हाही जाई. थांबत थांबत खेळ पाहण्याची या प्रेक्षकाला सवय होती आणि त्याला त्यात व्यत्यय वाटत नसे.

या तंबूतल्या प्रेक्षकाने पडद्याशी वागण्याची रीतही फडातूनच आणली. लावणी सुरू होताच शिट्ट्या, फेटे आणि टोप्या हवेत, आणि पडद्यावर नाणी उधळणे हे त्या काळच्या महाराष्ट्रात अनेक ठिकाणी घडे. दौलतजादा स्वीकारायला समोर कोणी नाही हे नाणी उधळणाऱ्याला ठाऊक नव्हते असे समजणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. कलाकाराला दाद पैशातच द्यायची असते, फुकट टाळ्यांत नव्हे, हा फडाचा शिष्टाचार तो पाळत होता. यात्रेत अनेकदा फडाची राहुटी आणि सिनेमाचा तंबू हाकेच्या अंतरावर असत. हंगामही दोघांचा एकच, दसऱ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत, कारण पाऊस सुरू झाला की कनातही उभी राहत नाही आणि शेतकऱ्याच्या हातात पैसाही उरत नाही. त्यामुळे एकाच रात्री पहिला खेळ पडद्यावरच्या तमाशाचा आणि नंतर पहाटेपर्यंत खरा तमाशा, असा बेत करणे अवघड नव्हते, आणि दोहोंची तुलनाही तिथल्या तिथे होई.

साठच्या दशकात तमाशापटांचे पीक आले. अनंत मान्यांचेच ‘सवाल माझा ऐका’ (१९६४), ‘केला इशारा जाता जाता’ (१९६५) आणि ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) हे त्यांतले ठळक. पहिल्यात दोन फडांमधली सवाल-जवाबाची चढाओढ, म्हणजे एका पक्षाने पद्यातून कोडे घालायचे आणि दुसऱ्याने ते पद्यातूनच उलगडायचे, ही जुनी रीत कथेच्या केंद्रस्थानी आहे. दुसऱ्यात लीला गांधी यांचे नृत्य आहे, आणि पायांच्या कामाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांची तयारी त्या काळच्या कोणत्याही नायिकेपेक्षा सरस होती, जरी कीर्ती तितकी त्यांच्या वाट्याला आली नाही. बाकीच्या अनेक चित्रपटांविषयी थोडक्यात इतकेच म्हणता येते की पाटील, त्याचा बिघडलेला पोरगा, सज्जन मास्तर आणि चाळ बांधलेली बाई या चार सोंगट्या पटावर निरनिराळ्या रीतीने मांडून ते तयार झाले होते.

मराठी माणसाने याच्या आधीच्या दशकात हिंदी नृत्यपटातही मोठी कामगिरी केली, पण तिचा बाज वेगळा होता. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या भगवान पालव, म्हणजे मास्टर भगवान, यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त, पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांच्या संगीतावर, गणपतीच्या मिरवणुकीत कोणालाही जमेल असा सोपा ठेका पडद्यावर आणला, आणि नाचायला वर्षानुवर्षांची तालीम लागते हा धाकच काढून टाकला. त्याच्या दुसऱ्या टोकाला शांतारामांचा ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) होता, ज्यात गोपीकृष्ण यांचे कथ्थक टेक्निकलरच्या झगमगाटात दिसले. निजामी अमलामुळे हिंदुस्थानी बोली कानाला परकी नसलेल्या परभणी-हिंगोलीच्या प्रेक्षकाला हे दोन्ही सहज कळले असणार. तरीही तंबूवाल्यांचा यात्रेतला भरवशाचा माल तमाशापट हाच राहिला, कारण त्यातला नाच प्रेक्षकाने आधी समोरासमोर पाहिलेला असे आणि त्यात खोट काय हे त्याला सांगता येई.

१९७२ च्या ‘पिंजरा’ने या प्रकाराला रंग, भव्यता आणि एक कायमचा डाग असे तिन्ही दिले. हाइनरिख मान यांच्या जर्मन कादंबरीवरून निघालेल्या ‘द ब्लू एंजल’ (१९३०) या चित्रपटाची छाया घेऊन, अनंत माने यांची कथा आणि शंकर पाटील यांची पटकथा यांच्या आधारे शांतारामांनी हा चित्रपट केला. संगीत राम कदम यांचे, गीते खेबुडकरांची, बहुतेक लावण्यांना आवाज उषा मंगेशकरांचा, आणि नायक म्हणून डॉ. श्रीराम लागू. गावातून फड हाकलून देणारा आदर्श मास्तर त्याच फडातल्या चंद्रकलेच्या पायी स्वतःला विसरतो, तिच्या फडात पडेल ते काम करीत फिरतो, आणि अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून फासावर जातो. नृत्याच्या चित्रणात मराठी चित्रपट येथे जितका पुढे गेला तितका तो आधी गेला नव्हता, आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याने मिळवला. पण कॅमेरा ज्या नाचावरून नजर हलवीत नाही, तोच नाच कथेत पुरुषाच्या अधःपाताचे कारण ठरतो. प्रेक्षकाने अडीच तास ज्याचा आनंद लुटला त्याबद्दल शिक्षा मात्र नाचणारीच्या आणि तिच्यावर भाळणाऱ्याच्या पदरात टाकायची, हा तमाशापटांचा जुनाच व्यवहार ‘पिंजरा’ने सर्वांत देखण्या रूपात केला. ‘सांगत्ये ऐका’तली बाई फडावरून न्याय मागते, ‘पिंजरा’तली बाई फडावरून माणूस बुडवते; तेरा वर्षांतला हा प्रवास मराठी समाजाच्या दृष्टीत काय घडत होते त्याविषयी बरेच सांगून जातो. दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ने (१९७१) दरम्यान वेगळीच वाट काढली होती, त्यात फडावर भाळणारा नायक भोळा आहे, फड त्याला बिघडवत नाही, आणि नाचापेक्षा बतावणीचा विनोद हा त्या चित्रपटाचा प्राण आहे. ग्रामीण प्रेक्षकाने तो डोक्यावर घेतला, यात नवल नाही.

पडद्याने फडाकडून जे घेतले, ते फडाला परत मिळाले का, या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नाही. चित्रपटातल्या लावण्या गावोगाव माहीत झाल्यावर यात्रेतला प्रेक्षक फडावरही त्यांचीच फर्माईश करू लागला. रंगबाजीत शाहिरांच्या लावण्यांची जागा सिनेमाच्या गाण्यांनी घेतली, पुढे मराठीच्या जोडीला हिंदी गाणी आली, ढोलकीच्या शेजारी ड्रम आणि कीबोर्ड आले, आणि वग, जो तमाशाचा आत्मा मानला जाई, आखडत आखडत गेला. फडांचे मालक हे हौसेने करीत नव्हते. नारायणगावच्या बाजारात, जेथे गावोगावचे पुढारी येऊन यात्रेसाठी फडांना सुपारी, म्हणजे कराराची रक्कम, देतात, तेथे कोणत्या फडात किती तरुण मुली आणि कोणती गाणी हाच सौदा होऊ लागला, तेव्हा वगसम्राट म्हणवणाऱ्यालाही मान तुकवावी लागे. विठाबाई नारायणगावकर यांच्यासारखी, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलेली कलावती उतारवयात हलाखीत गेली आणि २००२ साली वारली. ज्या कलेवर चित्रपटांनी गल्ले भरले, तिच्या खऱ्या मानकऱ्यांची ही अवस्था होती. लावणीची परंपरा जिने जपली त्या कोल्हाटी समाजातल्या स्त्रियांचे जगणे किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनातून वाचल्यानंतर तमाशापटातल्या पाटलाच्या वाड्यावरची लावणी पूर्वीसारखी निर्धास्तपणे पाहता येत नाही.

मराठवाड्याच्या बाजूने आणखी एक तक्रार नोंदवली पाहिजे. तमाशापटातले गाव जवळजवळ नेहमी कोल्हापूर-साताऱ्याकडचे असते. बोली तिकडची, ऊस तिकडचा, फेट्याची बांधणीही तिकडची. ज्वारी-कापसाच्या रानातल्या, मराठवाडी बोलणाऱ्या प्रेक्षकाने हे परके गाव तीस वर्षे आपले म्हणून पाहिले, पण त्याच्या स्वतःच्या अंगणातले नाच पडद्याला फारसे दिसले नाहीत. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांच्यासारखा अव्वल कलावंत ज्या मातीत झाला, तिथला संबळावरचा गोंधळ, पोतराजाचा आसुडाचा नाच, वाघ्या-मुरळीचे जागरण, हिंगोली जिल्ह्यातल्या तांड्यांवर होळीला रंगणारे बंजारा स्त्री-पुरुषांचे फेर, यांतले काही चित्रपटात आलेच तर एखाद्या गाण्यापुरते, सजावट म्हणून. लावणीखेरीज दुसऱ्या लोकनृत्याला कथेचा कणा करण्याचे धाडस क्वचितच झाले: डॉ. जब्बार पटेल यांनी १९७७ च्या ‘जैत रे जैत’मध्ये ठाकर आदिवासींच्या जीवनाला ते स्थान दिले, ज्याची गीते मराठवाड्याचेच ना. धों. महानोर यांची होती, आणि राजीव पाटील यांनी २००९ च्या ‘जोगवा’त जोगते-जोगतिणींना.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शन आणि व्हिडिओ गावात पोहोचले, तंबूवाल्याचे गणित कोलमडले आणि तमाशापटही ओसरला. नंतर जे आले ते त्या परंपरेकडे मागे वळून पाहणारे चित्रपट होते. पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘एक होता विदूषक’ (१९९२) फडातल्या सोंगाड्याचा सिनेनट आणि सिनेनटाचा पुढारी होताना दाखवतो. त्यातल्या लावण्यांच्या नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परंपरेतल्या जाणकार बाईच्या हाती नाचाची सूत्रे दिली की काय होते, हे पाहायचे असेल तर हा चित्रपट पाहावा. आनंद यादव यांच्या कादंबरीवरचा रवी जाधव यांचा ‘नटरंग’ (२०१०) नाच्याकडे, म्हणजे तमाशात बायकी हावभाव करणाऱ्या पुरुष कलावंताकडे, वळला. कुस्तीने कमावलेले शरीर उतरवून नाच्या झालेला गुणा कागलकर अतुल कुलकर्णी यांनी उभा केला, आणि चाळ बांधल्याची शिक्षा पुरुषालाही भोगावी लागते हे पडद्याने प्रथमच इतक्या रोखठोकपणे सांगितले. अजय-अतुल यांच्या संगीतामुळे त्यातल्या लावण्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत जाऊन पोहोचल्या. २०२२ च्या ‘चंद्रमुखी’त लावणी दिमाखदार आहे, पण ती फडापेक्षा पुरस्कार सोहळ्याच्या मंचाला जवळची वाटते.

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि तेथे चित्रपट, भित्तिपत्रके आणि छायाचित्रे जतन केली जातात. परंतु हे चित्रपट खेड्यात कसे पाहिले गेले, त्याचे पुरावे अशा संस्थेपर्यंत आपोआप पोहोचत नाहीत. टुरिंग टॉकीजची तिकिटे, यात्रेच्या जाहिरातीची पत्रके, तात्पुरत्या परवान्यांचे कागद, फडांबरोबर झालेल्या सुपारीच्या पावत्या हे सारे माळ्यांवरच्या पेट्यांत आणि ग्रामपंचायतींच्या दप्तरांत पडून असते आणि रद्दीत जाते. शिरड शहापूर, औंढा, वसमत, हिंगोली या भागातील वाचनालयांनी आणि महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी असे कागद गोळा करावेत, तंबूत यंत्र चालवलेल्या आणि यात्रांतून चाळ बांधलेल्या, आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या स्त्री-पुरुषांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि हे काम येत्या चार-पाच वर्षांत करावे, कारण त्यानंतर विचारायला माणसे उरणार नाहीत.